सहभागाचा आकडा कुठून येतो

ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रकुल सचिवालयाने जागतिक युवा विकास निर्देशांक प्रसिद्ध केला. १८१ देशांच्या यादीत सिंगापूर पहिला आणि भारत १२२ वा. वर्तमानपत्रांत क्रमांक छापून आला, थोडी चर्चा झाली आणि विषय मागे पडला. शिक्षण, आरोग्य, रोजगार यांचे आकडे कुठून येतात याची निदान कल्पना करता येते, कारण शाळांचे पट असतात, जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. पण याच निर्देशांकात राजकीय आणि नागरी सहभाग असाही एक विभाग आहे. एखाद्या देशातली तरुण मुलं-मुली सार्वजनिक जीवनात किती उतरतात, हे कोणत्या मापाने मोजलं असेल?

आधीच्या, म्हणजे २०१६ च्या आवृत्तीत हे माप पाच गोष्टींचं होतं. देशाचं राष्ट्रीय युवा धोरण आहे का? मतदार जागृतीचा कार्यक्रम देशभर चालतो का? गेल्या महिन्याभरात तुम्ही एखाद्या सरकारी पदाधिकाऱ्यापुढे आपलं म्हणणं मांडलंत का? एखाद्या संस्थेच्या कामासाठी वेळ दिलात का? अनोळखी माणसाला मदत केलीत का? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं गॅलप या संस्थेच्या जागतिक पाहणीतून घेतली होती. यादी पुन्हा एकदा वाचली की लक्षात येतं, तिच्यात मतदानच नाही. किती तरुणांनी मत दिलं हा सगळ्यांत साधा वाटणारा प्रश्न तरुणांच्या राजकीय सहभागाच्या मापात आलेला नाही.

हे नजरचुकीने झालेलं नाही. दीडशेहून अधिक देशांची तुलना करता येईल असे वयवार मतदानाचे आकडे जगात उपलब्धच नाहीत. मतदान एकूण किती झालं ते कळतं, पण मत गुप्त असतं आणि मतदान यंत्राला समोरच्याचं वय ठाऊक नसतं. तरुणांचं मतदान काढायचं तर वेगळी वाट धरावी लागते.

सगळ्यांत सोपी वाट म्हणजे निवडणुकीनंतर लोकांना विचारणं, आणि तीच सगळ्यांत फसवी. मत दिलं नाही असं सांगायला माणूस संकोचतो. त्यामुळे अशा पाहण्यांत मतदान केल्याचं सांगणारे प्रत्यक्ष मतदारांपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त निघतात. शिवाय पाहणीला उत्तर देण्याइतका वेळ काढणारा माणूस मुळात मतदानालाही जाणारा असतो. न जाणारा दोन्हीकडून निसटतो.

ब्रिटनमध्ये यातून काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. जून २०१६ मध्ये युरोपीय संघ सोडण्यावर सार्वमत झालं. निकालानंतर लगेच एक आकडा सगळीकडे फिरला : १८ ते २४ वयाच्या फक्त ३६ टक्के लोकांनी मत दिलं. ज्यांच्या भविष्याचा प्रश्न होता तेच घरी बसले, असं सांगत तरुणांना बोल लावण्यात आला. प्रत्यक्षात तो आकडा त्या सार्वमताचा नव्हताच. आधीच्या, २०१५ च्या निवडणुकीच्या वेळच्या माहितीवरून बांधलेला तो अंदाज होता. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी सार्वमतानंतरच्या पाहणीतून ६४ टक्क्यांच्या आसपासचा आकडा मांडला. तोही लोकांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवरचा, म्हणजे थोडा फुगलेला असण्याची शक्यता आहेच. पण ३६ आणि ६४ यांत जे अंतर आहे, तेवढ्यात एका पिढीबद्दलचं मत पूर्ण उलटतं. दुसऱ्याच वर्षी याच्या विरुद्ध घडलं. २०१७ च्या निवडणुकीत तरुणांची लाट आली असं सर्वत्र म्हटलं गेलं, इतकं की त्या लाटेसाठी वापरलेला शब्द ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्या वर्षाचा शब्द ठरवला. नंतर ब्रिटिश इलेक्शन स्टडीच्या अभ्यासकांनी मतदार नोंदींशी ताडून पाहिलं आणि अशी लाट आल्याचा पुरावा सापडत नाही असं जाहीर केलं. त्यावर इतर अभ्यासकांचा आक्षेप असा की त्या पाहणीत तरुण इतके थोडे होते की लाट आली किंवा आली नाही, यांपैकी काहीच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

दुसरी वाट नोंदींची. अमेरिकेत कोणी मत दिलं याची नोंद राज्यांच्या मतदार यादीत राहते (कोणाला दिलं याची अर्थातच नाही) आणि बऱ्याच राज्यांत तिथेच जन्मतारीखही असते. टफ्ट्स विद्यापीठातलं सर्कल हे केंद्र या याद्यांवरून तरुणांचं मतदान काढतं. २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत १८ ते २९ वयाचं मतदान सुमारे १३ टक्के होतं, ते २०१८ मध्ये २८ टक्क्यांच्या घरात गेलं. कोणालाही काही न विचारता मिळालेले हे आकडे आहेत, म्हणून त्यांच्यावर माझा अधिक विश्वास बसतो. डेन्मार्कमध्ये तर मतदानाची नोंद आणि लोकसंख्येची सरकारी नोंद एकमेकींना जोडून अभ्यास झाले आहेत. त्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. अठरा वर्षांची मुलं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त मतदान करतात. वय वाढेल तसं मतदान वाढतं हा आपला समज या टप्प्यावर चुकतो. कारण घरात सापडतं. अठराव्या वर्षी मूल आईवडिलांजवळ राहत असतं, ते निघाले की तेही निघतं. पुढच्या एकदोन वर्षांत ते घर सोडून शिकायला किंवा नोकरीला जातं, आणि सोबत सुटली की केंद्रावर जाण्याची सवयही सुटते.

जर्मनीने तिसरी वाट काढली, आणि मला ती सगळ्यांत विचारपूर्वक आखलेली वाटते. १९५३ पासून तिथे काही मतदान केंद्रं यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. त्या केंद्रांतल्या मतपत्रिकांवर मतदार स्त्री की पुरुष आणि जन्मवर्षाचा गट कोणता, एवढंच छापलेलं असतं. नाव नाही, नेमकं वय नाही. गट मोठे असतात आणि पुरेसे मतदार असलेलीच केंद्रं घेतात, म्हणजे कोण्या एकाचं मत ओळखता येऊ नये. कोणत्या वयाचे किती आले ते त्या केंद्रांच्या मतदार यादीवरून मोजतात आणि कोणत्या वयाने कोणता पक्ष निवडला ते मतपत्रिकांवरून. गुप्ततेबद्दल शंका उठल्यावर १९९४ आणि १९९८ च्या निवडणुकांत हे काम थांबवलं गेलं, नंतर कायद्याची नवी चौकट आखून पुन्हा सुरू झालं. डेन्मार्कमध्ये दिसलेली खाच इथेही दिसते. २०१७ मध्ये २१ ते २४ या गटाचं मतदान १८ ते २० या गटापेक्षा कमी होतं.

टक्केवारीत भागलं कशाने, हेही पाहावं लागतं. नोंदलेल्या मतदारांनी भागलं तर एक आकडा येतो, मतदानाच्या वयाच्या सगळ्या लोकांनी भागलं तर दुसरा. तरुणांच्या बाबतीत हा फरक मोठा होतो, कारण नोंदणीच्या दारातच बरेचसे अडतात. भारताचंच पाहा. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक जाहीर करताना निवडणूक आयोगाने १८-१९ वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार यादीत असल्याचं सांगितलं. या वयाची मुलं-मुली आपल्याकडे साडेचार कोटींहून कमी नसावीत. म्हणजे दहांतल्या सहा जणांचं नाव यादीतच नव्हतं. यादीतल्यांपैकी ८० टक्क्यांनी मत दिलं असं जरी धरलं, तरी त्या वयाच्या एकूण मुलांपैकी मत देणारे तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहतात. ८० टक्के आणि ३२ टक्के, दोन्ही आकडे बरोबर, आणि दोन्हींवरून निघणारा निष्कर्ष वेगळा.

याच्या उलट टोकाला सक्तीचं मतदान असलेले देश आहेत. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून संघीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे. ब्राझीलमध्ये १६ आणि १७ वर्षांच्यांना मत देता येतं पण सक्ती नाही, १८ पासून ७० पर्यंत आहे. तिथल्या अठरा वर्षांच्या मुलीचं मतदान आणि आपल्याकडच्या अठरा वर्षांच्या मुलीचं मतदान एका रकान्यात मांडलं, तर मोजला जातो तो कायदा. उत्साह मोजायचा असेल तर ब्राझीलमधल्या १६-१७ वयाकडे पाहायला हवं, कारण ते आपण होऊन येतात.

तरुण कोणाला म्हणायचं यावरही जगाचं एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी १५ ते २४ धरते, राष्ट्रकुल १५ ते २९, आफ्रिकी युवा सनद १५ ते ३५. भारताच्या २००३ च्या युवा धोरणात १३ ते ३५ होतं, २०१४ च्या धोरणात १५ ते २९ झालं. पंधरा वर्षांचा मुलगा बहुतेक देशांत मत देऊ शकत नाही आणि पस्तिशीचा माणूस अनेक ठिकाणी दोन मुलांचा बाप असतो. आकडा हाती आला की आधी त्याचं वय विचारावं.

मतदानापलीकडचा सहभाग मोजायचा तर मात्र विचारण्यावाचून इलाज नाही. गॅलपची पाहणी बहुतेक देशांत साधारण हजार माणसांची असते, १५ वर्षांवरच्या लोकांची, मोठ्या देशांत थोडी अधिक. हजारांतले १५ ते २९ वयाचे समजा अडीचशे निघाले आणि त्यांतल्या २० टक्क्यांनी संस्थेसाठी वेळ दिल्याचं सांगितलं. अडीचशे माणसांवरून काढलेल्या या २० टक्क्यांचा खरा अर्थ १५ ते २५ यांच्यामध्ये कुठेतरी, असा होतो. शेजारच्या देशाचा आकडा २४ आला तर तो पुढे आहे असं म्हणताच येत नाही. तरी क्रमवारीत या दोन देशांमध्ये दहा-पंधरा देश बसलेले असू शकतात.

शिवाय हे अडीचशे कोण? बऱ्याच देशांत अशा पाहण्या घरोघर होतात. घर निवडलं जातं, मग घरातली एक व्यक्ती. वसतिगृहात राहणारी, बांधकामाच्या साइटवर झोपणारी, कारखान्याजवळ खोली घेऊन आठ जणांत राहणारी पोरं या जाळ्यात कमीच सापडतात. आणि घरात सापडलेली एकोणीस वर्षांची मुलगी सासरे किंवा वडील शेजारी बसलेले असताना मोर्चाला गेले होते असं सांगेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. चांगल्या पाहण्यांत एकट्याने बोलण्याची सोय करायचा प्रयत्न असतो, पण दोन खोल्यांच्या घरात तो दर वेळी साधत नाही.

काय विचारलं यावरही बरंच ठरतं. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून देशोदेशी विचारत आलेला आहे : अर्जावर सही केली आहे का, बहिष्कारात सामील झालात का, शांततामय निदर्शनांत गेलात का, केलंय, करू शकेन, की कधीच करणार नाही? या यादीचा पिंड युरोप-अमेरिकेच्या राजकारणाचा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या महापुरात ज्या तरुण मंडळांनी माणसं बाहेर काढली, जेवणाची पाकिटं पोहोचवली, त्यांना यातला कोणता प्रश्न लागू पडतो? संस्थेसाठी वेळ दिलात का, याला त्यांच्यातला एखादा नाही म्हणेल, कारण त्याच्या मनात संस्था म्हणजे शाळा नाहीतर पतपेढी आणि मंडळ म्हणजे आपली गल्ली. त्याने दिलेले आठ दिवस मग कोणत्याच देशाच्या खात्यावर पडत नाहीत.

याहून खोल अडचण आहे ती तुलनेची. राजकीय शास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ती फार सुंदर रीतीने उघड केली. सरकारी निर्णयांत तुमचं म्हणणं कितपत चालतं, असा प्रश्न त्यांनी चीन आणि मेक्सिकोमधल्या लोकांना विचारला. मेक्सिकोच्या मतदारांनी २००० मध्ये सात दशकं सत्तेवर असलेल्या पक्षाला पायउतार केलं होतं. चीनमध्ये अशी संधीच नव्हती. तरी आपलं म्हणणं चालतं असं सांगणारे चीनमध्ये जास्त निघाले! मग संशोधकांनी त्याच लोकांना काही काल्पनिक माणसांच्या हकिगती ऐकवल्या. एका गावात पिण्याचं पाणी चांगलं नाही. एक जण मत देऊ शकत नाही आणि गप्प सोसतो, दुसरा शेजाऱ्यांना जमवून सरकारकडे दाद मागतो. या प्रत्येकाचं म्हणणं कितपत चालतं ते सांगा. चीनमधल्या पुष्कळ लोकांनी स्वतःला दिलेली श्रेणी त्या गप्प सोसणाऱ्याला दिलेल्या श्रेणीपेक्षाही खाली होती. म्हणजे दोन देशांच्या लोकांची पट्टीच वेगळी होती. पट्टी जुळवून पाहिल्यावर क्रम उलटला, मेक्सिको वर आला. ज्या पाहणीत अशी जुळवणी केलेली नाही, तिच्यातला 'राजकारणावर आपला प्रभाव आहे असं किती तरुणांना वाटतं' हा तक्ता मी देशांच्या तुलनेसाठी वापरणार नाही.

शाळकरी वयासाठी एक चांगलं साधन आहे. आयईए ही संस्था २००९, २०१६ आणि २०२२ मध्ये साधारण आठवीच्या मुलांची नागरिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय चाचणी घेत आली आहे. तिच्यात प्रत्यक्ष ज्ञान तपासतात आणि मोठेपणी मत देणार का, स्थानिक कामात भाग घेणार का, हेही विचारतात. चौदाव्या वर्षीचा इरादा म्हणजे सहभाग नव्हे, पण शाळेत काय रुजतं आहे याचा अंदाज येतो.

संसदेतल्या जागा मोजणं त्या मानाने सोपं, कारण सदस्यांची जन्मवर्षं जाहीर असतात. आंतरसंसदीय संघ हे काम करतो. त्याच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या संसद सदस्यांपैकी तिशीच्या आतले फक्त २.८ टक्के. या आकड्याशेजारी नेहमी दुसरा आकडा ठेवतात, की जगातली निम्मी लोकसंख्या तिशीच्या आत आहे. ही तुलना न्याय्य नाही, कारण त्या निम्म्यांत पाळण्यातली बाळंही आली. १८ ते २९ वयाचा प्रौढांतला वाटा शेजारी ठेवा. दरी तरीही मोठीच राहते, आणि प्रामाणिक आकड्याने ती दाखवली तर कोणी खोडून काढू शकत नाही. आणखी एक भिंत कायद्याची. आपल्याकडे १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येतं, पण लोकसभेला उभं राहायला २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, राज्यसभेला ३०. ग्रामपंचायतीला २१. म्हणून भारताचा तरुण सहभाग संसदेत शोधणं मला अपुरं वाटतं. तेविशीची सरपंच या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत कुठेच नसते. अठराव्या लोकसभेत चाळिशीपर्यंतचे सदस्य सुमारे ११ टक्के आहेत, हाही आकडा आंतरसंसदीय संघाच्या तिशीच्या रेषेशी जुळवता येत नाही.

आता हे सगळे तुकडे एका निर्देशांकात कसे बसतात? प्रत्येक मापाला शून्य ते एक अशा पट्टीवर आणतात. समजा सगळ्यांत वरच्या देशात ६० टक्के तरुण स्वयंसेवा करतात, सगळ्यांत खालच्यात ५ टक्के, आणि आपल्या देशात २७. तर २७ वजा ५ म्हणजे २२, त्याला ५५ ने भागलं की ०.४. मग प्रत्येक मापाला वजन देऊन बेरीज. वजन किती द्यायचं हे गणित सांगत नाही, ते समितीतली माणसं ठरवतात. आणि युवा धोरण आहे की नाही, यासारखं माप शून्य किंवा एक असं सरळ पडत असेल तर मंत्रालयाने छापलेली एक पुस्तिका देशाला पूर्ण गुण मिळवून देते. तेवढाच फरक स्वयंसेवेच्या मापात पाडायला लाखो मुलांनी कामाला लागावं लागेल.

माहिती जुनी असते ही शेवटची अडचण, आणि तिची किंमत २०२१ च्या त्या अहवालातच दिसते. २०१० ते २०१८ या काळात सर्वाधिक सुधारणा केलेल्या पाच देशांत भारताबरोबर अफगाणिस्तानचं नाव होतं. अहवाल प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, काबूल तालिबानच्या हाती गेलं. बांगलादेशचंही तसंच. जानेवारी २०२४ ची निवडणूक मुख्य विरोधी पक्षाच्या बहिष्कारात झाली, मतदान कमी झालं. त्यावरून कोणी तरुणांना उदासीन म्हटलं असतं. जुलैमध्ये तेच विद्यार्थी रस्त्यावर होते आणि ५ ऑगस्टला शेख हसीना यांना देश सोडावा लागला. जिवावर उदार होऊन केलेला तो सहभाग निर्देशांकांच्या कोणत्या रकान्यात घालायचा याचं उत्तर कोणाकडे नाही.

म्हणून मी देशांच्या क्रमांकापेक्षा एकाच देशातला फरक पाहतो : तिथले तरुण आणि तिथले साठीचे यांच्या मतदानातलं अंतर किती, आणि ते दहा वर्षांत वाढलं की कमी झालं. कायदा, पट्टी, पाहणीची पद्धत दोन्ही बाजूंना सारखी असल्याने ही तुलना टिकते. त्यातही एक पथ्य आहे. आजच्या तरुणांची आजच्या म्हाताऱ्यांशी तुलना करून पिढी बिघडली असं म्हणता येत नाही. आजचे साठीचे विशीत असताना किती मत देत होते ते हाती हवं.

आणि इथे भारताचं दुखणं येतं. निवडणूक आयोग स्त्री-पुरुष मतदानाचे आकडे प्रसिद्ध करतो, वयाचे नाही. अभ्यासकांना लोकनीतीसारख्या मतदानोत्तर पाहण्यांवर विसंबावं लागतं. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचा नमुना मतदार यादीतून घेतला जातो, म्हणजे यादीत नसलेला तरुण तिथेही नाही. खरं तर लागणारी माहिती प्रत्येक केंद्रावर तयार होते. मतदार यादीत नावापुढे वय छापलेलं असतं, आणि मत द्यायला आलेल्याच्या नावावर कर्मचारी खूण करतो. जर्मनीप्रमाणे राज्याराज्यांतून काही हजार केंद्रं यादृच्छिक निवडून, नावं झाकून, फक्त वयोगट आणि खुणा मोजल्या तर कोणाचंही मत उघड न होता देशाचं वयवार मतदान कळेल. मतपत्रिकेला किंवा यंत्राला हातही लावावा लागणार नाही. त्यातून निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळेल, जो महाराष्ट्रात दर निवडणुकीला पडतो : नाव बीडच्या किंवा नंदुरबारच्या गावच्या यादीत आणि मुक्काम पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या खोलीवर, अशी किती मुलं केवळ अंतरामुळे मतदानाला मुकतात? विद्यार्थ्यांना टपाली मतदानाची सोय आपल्याकडे नाही. ती द्यायची की नाही, की नोंदणीच शहरात करून घेण्याची मोहीम हवी, हे ठरवायला विशीतल्या मतदारांचा गावाकडच्या आणि शहरातल्या केंद्रांवरचा वेगवेगळा आकडा पुरे आहे.